२७ मार्च १९९९ ची रात्र : एफ-११७ कसं पडलं, पेचोराच्या केबिनमधून बघितलं तर

मागच्या महिन्यात भाचा जेवायला आला होता. एअरफोर्सच्या परीक्षेची तयारी करतोय, ग्वाल्हेरातच कंपूकडच्या एका क्लासला जातो, आणि पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, सर्बियानं ते अमेरिकेचं स्टेल्थ विमान पाडलं होतं ना, म्हणजे स्टेल्थ वगैरे सगळं मार्केटिंगच की." मी म्हटलं आधी जेव, मग सांगतो. जेवण झाल्यावर गच्चीवर जाऊन बसलो ते रात्री साडेबारापर्यंत बोलतच होतो, आणि सकाळी वाटलं की हे एकदा नीट लिहून काढावं, कारण ह्या प्रकरणाबद्दल जे काही फिरत असतं ते एकतर "अमेरिकेची कशी जिरवली" ह्या थाटाचं असतं नाहीतर "जुन्या रडारनं चमत्कार केला" ह्या थाटाचं, आणि त्यात खरं काय झालं ते राहूनच जातं.

माझा संबंध सांगतो. मी लष्करचा, म्हणजे सैन्य नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्कर ह्या भागातला, शाळेत असताना १९८५ मधे महाराजपूरच्या हवाई तळावर मिराज लढाऊ विमानं आली आणि तेव्हापासून डोक्यात एअरफोर्सच. विमानं काही नशिबात नव्हती, एअरमन म्हणून भरती झालो आणि नोकरीतली बरीच वर्षं पेचोरा ह्या जमिनीवरून विमानं पाडायच्या मिसाइलच्या युनिटमधे काढली. आणि २७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियाची राजधानी बेलग्रेडच्या पश्चिमेला जे मिसाइल त्या विमानाला लागलं ते पेचोराच, त्यांच्याकडे नाव एस-१२५ नेवा एवढाच फरक. बातमी आली तेव्हा आमच्या युनिटमधे दोन-तीन दिवस दुसरा विषय नव्हता. जगाला ती अमेरिकेची बातमी वाटली, आम्हाला ती आमच्यासारख्याच एका केबिनमधे बसलेल्या माणसांची बातमी वाटली. पुढे लिहिलंय ते सगळं उघड माहितीतलं आहे, आमच्या युनिटच्या कामाचं त्यात काही नाही.

विमान

एफ-११७ नाइटहॉक. लॉकहीडनं बनवलं, पहिलं उड्डाण जून १९८१ मधे, आणि १९८८ पर्यंत असं काही विमान आहे हे अमेरिकेनं कबूलसुद्धा केलं नव्हतं. सगळी मिळून ६४ बनली. काळा रंग, लढाईत काम फक्त रात्रीचं. तोफ नाही, वेग आवाजाच्या आतच, आणि स्वतःचं रडार नाही, कारण रडार चालू केलं की आपणच आपला पत्ता सांगितल्यासारखं होतं. पोटात दोन लेझर बॉम्ब, प्रत्येकी ९०० किलोच्या आसपास, ते टाकायला पोटाची दारं उघडायची, टाकायचे, दारं मिटायची आणि घरी.

आकार बघितला असेल, कागदाच्या घड्या घातल्यासारखा, सगळे सपाट पैलू. रडारची लहर त्यावर आपटली की आली तिकडे परत न जाता भलतीकडेच जाते. ह्याच्या गणिताचं मूळ प्योत्र उफिम्त्सेव्ह ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या १९६२ च्या कामात आहे, त्यांच्याच देशात ते छापून आलं होतं. गोल गुळगुळीत आकाराचा हिशोब त्या काळच्या कॉम्प्युटरला झेपत नव्हता म्हणून लॉकहीडनं सपाट पैलूंवर भागवलं.

पनामात १९८९ ला पहिल्यांदा वापरलं, मग १९९१ च्या आखाती युद्धात जवळजवळ १३०० उड्डाणं केली आणि एकालाही काही झालं नाही. त्यामुळे "अदृश्य" हा शब्द चिकटला तो चिकटलाच. मला हा शब्द अजिबात आवडत नाही, अर्धा गैरसमज तिथूनच सुरू होतो.

भाच्याला मी असं सांगितलं. जानेवारीत आपल्याकडे धुकं पडतं, पहाटे झाशी रोडवर गाडी काढलीय, आणि समोर काळं कांबळं पांघरलेला एक माणूस सायकलवरून चाललाय. तो अदृश्य आहे का? नाही. तो दिसतो, पण दिसेपर्यंत तुझ्याकडे ब्रेक मारायला वेळ उरलेला नसतो. स्टेल्थ म्हणजे ते काळं कांबळं. साध्या विमानाला जे रडार लांबून पकडतं त्याला हे विमान अगदी अंगावर आल्यावर दिसतं, आणि मधल्या त्या फरकात ते आपलं काम करून निघून जातं. आता त्या सायकलवाल्याची रोजची वेळ आणि रोजचा रस्ता जर तुला ठाऊक असेल तर? तर तू आधीच पाय ब्रेकवर ठेवून बसशील. सगळं प्रकरण ह्या एका प्रश्नात आहे.

खाली बसलेली माणसं

कोसोवोच्या प्रश्नावरून नाटोचे, म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांचे, युगोस्लाव्हियावर (सर्बिया तेव्हा त्यातच होता) हवाई हल्ले २४ मार्च १९९९ ला सुरू झाले आणि १० जूनपर्यंत, म्हणजे ७८ दिवस चालले. आपण बोलतोय ती चौथी रात्र. युगोस्लाव्ह सैन्याच्या २५० व्या मिसाइल ब्रिगेडची तिसरी बॅटरी शिमानोव्त्सी गावाजवळ लावलेली होती, कमांडर लेफ्टनंट कर्नल झोल्तान दानी.

नेवा ही १९६० च्या सुरवातीची सिस्टिम. मिसाइल स्वतः काही शोधत नाही, खालून रेडिओनं त्याला हुकूम जातात, डावीकडे हो, वर जा, असे, आणि हे हुकूम तेव्हाच बरोबर जातात जेव्हा केबिनमधे बसलेली माणसं टार्गेटवर रडार अचूक धरून ठेवतात. धरून ठेवणं म्हणजे काय तर स्क्रीनवरचा ठिपका रेघेवर ठेवायचा आणि त्यासाठी हातात एक चाक असतं. उंचीचा एक जण, दिशेचा एक जण, अंतराचा एक जण, आणि मागे गायडन्स ऑफिसर. केबिन म्हणजे एक बंद डबा, आत अंधार, जुन्या रेडिओत असायचे तसल्या व्हॉल्व्हचा उष्मा, पंख्याची घरघर, आणि स्क्रीनचा तेवढा उजेड तोंडावर. मी त्या चाकावर बसलोय, एक्सरसाइजमधे. समोरचं टार्गेट आपल्याच दोस्ताचं विमान असतं, काही धोका नसतो, तरी तळहात ओले होतात आणि चाक फिरवताना सटकतं, म्हणून आमच्यातले जुने लोकं पॅन्टच्या मांडीला हात पुसत राहायचे, ती सवयच झालेली असायची त्यांना.

आता त्यात हार्म घाला. हार्म हे अमेरिकेचं मिसाइल रडारच्याच लहरी हुंगत येतं. तुम्ही रडार चालू केलं की वर फिरणाऱ्या विमानाला कळतं, ते हार्म सोडतं आणि ते थेट तुमच्या अँटेनावर येऊन पडतं. इराकमधे १९९१ ला कितीतरी रडार असेच गेले. म्हणून दानी यांनी आपल्या बॅटरीला नियम घालून दिला होता, फायर कंट्रोल रडार, म्हणजे मिसाइल मारायला टार्गेट धरून ठेवणारं, एका वेळी २० सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही, तेवढ्यात टार्गेट धरता आलं नाही तर बंद. आणि फायरिंग झालं की तिथं थांबायचं नाही, सगळं उपसून दुसरीकडे. शिवाय जुन्या मिगमधून काढलेले रडार लांब कुठेतरी लावून ठेवायचे, हार्मला आमिष म्हणून.

हे वाचायला सोपं वाटतं. लाँचर, अँटेना, केबल, केबिन, जनरेटर, हे सगळं उतरवून ट्रकवर चढवायचं म्हणजे काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. थंडीत केबल काठीसारख्या कडक होतात, गुंडाळता गुंडाळल्या जात नाहीत. आम्ही शांततेच्या काळात दिवसाउजेडी हे करताना एकमेकांवर खेकसायचो. दानींची माणसं अंधारात, डोक्यावर शत्रूची विमानं असताना हे करत होती आणि ७८ दिवस करत राहिली. ह्या प्रकरणातली सगळ्यात मोठी कामगिरी मला विचाराल तर ही आहे, पण तिचे फोटो नाहीत म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

ती रात्र

हवा खराब होती, ढग खाली आलेले. त्यामुळे नाटोची त्या रात्रीची बरीचशी उड्डाणं रद्द झाली. एफ-११७ मात्र इटलीतल्या अवियानो तळावरून निघाली. एरवी त्यांच्याबरोबर प्रॉलर नावाची विमानं असायची, शत्रूचे रडार जॅम करणारी, आणि हार्म घेतलेली एफ-१६ पण असायची. त्या रात्री प्रॉलरची साथ नव्हती.

ह्यातल्या एका विमानाचा रेडिओवरचा कॉलसाइन व्हेगा ३१. पायलट लेफ्टनंट कर्नल डेल झेल्को, नवखा नव्हे, १९९१ च्या आखाती युद्धात हेच विमान उडवलेला माणूस. बेलग्रेडच्या बाजूचं टार्गेट मारून तो परत निघाला होता.

खाली दानींकडे दोन वेगवेगळे रडार होते आणि हा फरक नीट लक्षात घ्या, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. एक पी-१८, मोठ्या लहरींचं, लहरीची लांबी साधारण २ मीटर. ते लांबून सांगतं की ह्या बाजूला काहीतरी आहे, पण ते "काहीतरी" नेमकं कुठे हे त्याला मिसाइल मारण्याइतकं बारीक सांगता येत नाही. दुसरं फायर कंट्रोल रडार, त्याची लहर ३ सेंटीमीटरच्या आसपास, ते सुईच्या टोकाइतकं नेमकं, पण स्टेल्थचा आकार ह्याच लहरीला चकवायला बनवलेला.

पी-१८ वर ठिपके दिसले, २० किलोमीटरच्या पुढे-मागे. फायर कंट्रोल चालू केलं, मिळालं नाही, बंद. परत चालू केलं, परत नाही, परत बंद. एव्हाना दोनदा लहरी हवेत गेलेल्या. नियमाच्या हिशोबानं आता खेळ संपला होता, गुंडाळायचं आणि निघायचं. दानींनी तिसऱ्यांदा चालू करायला सांगितलं.

इथे मी दर वेळी थांबतो. ही गोष्ट मी शंभर वेळा तरी कोणा ना कोणाला सांगितली असेल आणि दर वेळी ह्या जागेवर थांबतो. त्यांचं म्हणणं नंतर असं आलं की वर हार्मवाले त्या वेळी जवळपास नाहीत असा त्यांचा अंदाज होता, आणि अंदाज बरोबर होता. पण केबिनमधे बसलेल्या माणसाला अंदाज म्हणजे काय, त्याच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर, आणि त्याला ठाऊक आहे की चुकलं तर पुढच्या मिनिटाला हा डबा राहणार नाही. तरी त्यानं चाकावरचा हात काढला नाही. तिसऱ्या वेळी, १३ किलोमीटरच्या आसपास, ठिपका पकडला. आणि दानींनीच पुढे एका मुलाखतीत सांगितलं की विमानाची पोटाची दारं उघडली तेव्हा ते रडारवर उमटलं. त्यात आश्चर्य नाही, दारं उघडी म्हणजे सगळ्या पैलूंचा हिशोब बिघडला, बंद घराची खिडकी उघडी राहावी तसं.

दोन मिसाइल सुटली. तेव्हा रात्रीचे नऊही वाजले नव्हते.

आता वरून बघा. झेल्को यांनी नंतर स्वतः सांगितलंय. खालच्या ढगांना भोक पाडून दोन ठिणग्या वर आल्या. पहिलं मिसाइल त्यांच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेलं की विमान हादरलं, पण फुटलं नाही. दुसरं मात्र आपल्यालाच लागणार हे त्यांना कळलं, त्यांनी डोळे मिटून मान वळवली, आणि ते लागलं. डावा पंख गेला, विमान उलटं होऊन गरगरत खाली जायला लागलं, त्या जोरानं ते सीटवरून वर उचलले गेले, पट्ट्यांना लटकल्यासारखे, आणि अशा अवस्थेत हात खाली नेऊन इजेक्शनची कडी ओढायची. ओढली. स्फोट एवढा मोठा होता की बोस्नियावर इंधन घेऊन फिरणाऱ्या टँकर विमानातून तो दिसला.

विमान बुद्यानोव्त्सी गावाच्या शेतात पडलं. झेल्को तिथून काही अंतरावर उतरले आणि शेताच्या कडेच्या एका पाण्याच्या चरीत आडवे झाले. आठेक तास. शोधणारे सैनिक, गावकरी, कुत्री, सगळे आजूबाजूला फिरत होते. अंगावरच्या सूटच्या आत त्यांनी अमेरिकेचा झेंडा घडी घालून ठेवलेला होता. पहाटे हेलिकॉप्टरं आली आणि त्यांना उचलून घेऊन गेली. शत्रूच्या राजधानीपासून तासाभराच्या रस्त्यावर, त्याच्याच शेतात हेलिकॉप्टर उतरवणं ह्याला काळीज लागतं, तेही सांगायला पाहिजे, एका बाजूचं कौतुक करताना दुसरी बाजू झाकली तर तो अभ्यास राहत नाही.

सकाळी गावातली लोकं पंखावर चढून नाचतानाचे फोटो जगभर गेले. कॉकपिटच्या काचेच्या चौकटीवर पायलटचं नाव रंगवलेलं असतं, ते दुसऱ्याच कोणाचं होतं, त्यामुळे बातम्यांमधे सुरवातीला भलत्याच पायलटचं नाव गेलं. ती चौकट आज बेलग्रेडच्या विमान संग्रहालयात आहे.

का पडलं

एकच कारण शोधायचं म्हटलं तर हाती काही लागणार नाही. त्या रात्री बऱ्याच गोष्टी एका ओळीत आल्या. पण मला वाटतं त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, आणि मी ज्या क्रमानं त्यांना मोठं मानतो त्याच क्रमानं लिहितो, कोणाचं मत वेगळं असू शकतं.

सगळ्यात मोठी गोष्ट, रस्ता. तीन रात्री विमानं ज्या वाटेनं आली-गेली त्याच वाटेनं ती चौथ्या रात्रीही आली. वेळही साधारण तीच. आमची आजी रात्री पडवीत जपमाळ घेऊन बसायची, महाराजपूरला नाइट फ्लाइंग असेल तेव्हा लष्करपर्यंत आवाज यायचा, आणि पहिलं विमान गेलं की म्हणायची, "झाले गं साडेआठ, पोरांना झोपवा." तिला रडार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तिनं कधी विमान जवळून पाहिलं नव्हतं, पण तिच्याकडे विमानांचं टाइमटेबल होतं. जमिनीवरच्या माणसाला वरच्याची सवय कळायला मोठी यंत्रं लागत नाहीत, तीन-चार रात्री पुरतात. शांततेत त्यानं काही बिघडत नाही. युद्धात शत्रूला जर ठाऊक असेल की काळ्या कांबळ्यातला माणूस ह्याच वाटेनं ह्याच वेळेला येतो तर तो आपला डबा त्या वाटेच्या कडेला नेऊन ठेवतो, आणि मग "अगदी जवळ आल्यावरच दिसतो" ह्याचा काही उपयोग उरत नाही, कारण तो जवळच येणार असतो.

त्यात भर म्हणजे अवियानोच्या कुंपणाबाहेरून विमानं उडताना दिसायची आणि बातमी पुढे जायची, दानींनीही तिथून खबर मिळत असल्याचं सांगितलंय. रेडिओवर काही बोलणं उघड्यावर चालायचं ते ऐकलं जायचं. म्हणजे अंधारात लपलेलं विमान, पण ते निघालं हे गावभर.

दुसरी गोष्ट, साथीला जॅमर नसणं. ह्यात मी प्लॅनिंगवाल्यांना दोष देतो, पायलटला नाही. आठ वर्षं लढाईत एकाही विमानाला ओरखडा आला नाही की माणसाला वाटायला लागतं की हे एकटंच पुरे आहे. ते एकटं पुरे नव्हतं, आधीही नव्हतं, आधी साथ असायची म्हणून ते पुरे वाटत होतं.

मग लांब लहरीचं रडार. ह्याला लोकं पहिला नंबर देतात, मी तिसरा देतो. भाच्याला समजावताना आमच्या ग्वाल्हेरचा बैजाताल तलाव आठवला. पाण्यात बारीक तरंग असतील तर बोटीच्या कडेला आपटून ते बोटीच्या आकाराप्रमाणे इकडे-तिकडे फुटतात, म्हणजे आकाराला महत्त्व आहे. पण बोटीएवढीच मोठी लाट आली तर तिला कडा, कोपरे, नक्षी काही जाणवत नाही, अख्खी बोटच हलते आणि पाण्यात त्याची खूण उमटते. दोन मीटरची रडार लहर विमानाच्या शेपटीला, पंखाच्या टोकाला अशीच लागते, सेंटीमीटरवाल्या लहरींसाठी घडवलेले पैलू तिथे तितके कामाचे राहत नाहीत. हे खरंय आणि ही स्टेल्थची जुनी माहीत असलेली मर्यादा आहे, सर्बियात लागलेला शोध नाही. पण पी-१८ नं विमान पाडलं नाही. पी-१८ नं फक्त कुठल्या बाजूला बघायचं ते सांगितलं, पाडलं त्या ३ सेंटीमीटरवाल्या रडारनं, आणि त्याला ते दिसलं कारण ते जवळ होतं, आणि ते जवळ होतं कारण रस्ता ठाऊक होता. परत फिरून आपण रस्त्यावरच येतो.

पोटाची दारं, ढग, पायलटला खालचं काही न दिसणं, ह्या बाकीच्या गोष्टी. असायच्याच. युद्धात प्रत्येक रात्री चार-पाच गोष्टी बिघडलेल्या असतात.

आणि भाच्याच्या मूळ मुद्द्याबद्दल, स्टेल्थ बोगस आहे का. सर्बियानं ७८ दिवसांत शेकड्यांनी मिसाइल सोडली. त्यात एफ-११७ एक पडलं. नंतर त्यांचे रस्ते बदलले, जॅमरची साथ असल्याशिवाय त्यांना पाठवणं थांबलं, आणि युद्ध संपेपर्यंत दुसरं पडलं नाही. विमान तेच, आकार तोच, रंग तोच. जे बदललं त्यावरूनच कळतं की आधी काय चुकलं होतं. २००८ मधे ती सेवेतून निवृत्त झाली ती नवीन विमानं आली म्हणून.

तिकडे सर्बियात पोस्टर निघालं होतं, "माफ करा, ते अदृश्य आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं." लोकांना हे फार आवडतं, फॉरवर्ड होत राहतं. मला त्याचं वाईट वाटतं. असं वाटतं जणू कोणी सहज वर बघितलं आणि दगड मारला. त्याच बॅटरीनं २ मे ला एक एफ-१६ पाडलं, त्याचा पायलट डेव्हिड गोल्डफीन, जो पुढे २०१६ मधे अमेरिकन हवाईदलाचा प्रमुख झाला. दोन्ही वेळा तीच बॅटरी हा योगायोग नसतो. रोज जागा बदलणं, सेकंद मोजणं, केबल गुंडाळणं, परत पसरणं, ह्याचं ते फळ आहे.

तोच उन्हाळा, आपल्याकडे

हे प्रकरण मला ग्वाल्हेरपासून वेगळं करताच येत नाही. बेलग्रेडवर बॉम्ब पडत असतानाच २६ मे १९९९ ला आपल्या हवाईदलानं कारगिलमधे हल्ले सुरू केले, ऑपरेशन सफेद सागर. दुसऱ्याच दिवशी एक मिग-२७ आणि एक मिग-२१ गेलं, स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा परत आले नाहीत. २८ तारखेला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून मारायच्या मिसाइलनं पाडलं, चार जण गेले, त्यावर मिसाइलला चकवायचे फ्लेअर नव्हते. ते तीन दिवस युनिटमधे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मेसमधे ताटं वाजल्याचा आवाज तेवढा.

पण त्यानंतर काय झालं ते बघा. हेलिकॉप्टरनं हल्ला करणं थांबवलं, विमानांनी उंची वाढवली म्हणजे खांद्यावरचं मिसाइल पोचणार नाही, रात्रीचे हल्ले सुरू झाले, आणि ग्वाल्हेरच्या सात नंबर स्क्वाड्रनची मिराज पुढे गेली. १७ जूनला मुंथो ढालोचा पुरवठा तळ उडवला, २४ जूनला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले. म्हणजे काल जे केलं तेच आज करायचं नाही हे तीन दिवसांत ठरलं आणि अमलात आलं. आपण चार जीव आणि दोन विमानं आणि एक आहुजा देऊन ते शिकलो, फुकट नाही शिकलो.

आणि फेब्रुवारी २०१९ ची ती रात्र. ग्वाल्हेरहून मिराज उडाली बालाकोटसाठी. नंतर जी माहिती बाहेर आली त्यात एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, दुसरी विमानं बहावलपूरच्या दिशेला पाठवून समोरच्याचं लक्ष तिकडे नेलं होतं. मी त्या रात्री घरीच होतो. आवाज आला होता. उठून खिडकीशी गेलो, बायको म्हणाली, "झोपा, नाइट फ्लाइंग असेल," आणि मीही तेच म्हणून झोपलो. आयुष्यभर ह्या आवाजात राहिलेल्या माणसालाही काही वेगळं कळलं नाही. सकाळी टीव्ही लावल्यावर बराच वेळ उभाच होतो.

पुढे

झेल्को आणि दानी २०११ मधे भेटले. दानी सैन्यातून निवृत्त होऊन स्कोरेनोवात्स ह्या आपल्या गावी बेकरी चालवत होते. ज्यानं मिसाइल मारलं आणि ज्याला ते लागलं ते दोघं एका टेबलावर जेवले, बायका-मुलांची ओळख झाली.

हे ऐकून भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही असता तर तिसऱ्यांदा चालू केलं असतं?"

मी म्हटलं, तो निर्णय माझा नसताच, मी चाकावर असतो. चाकावरच्या माणसाला एवढंच बघायचं असतं की ठिपका रेघेवरून हलला नाही ना.

"हात कापतात का पण?"

कापतात, म्हटलं. मी माझ्याही नकळत मांडीला तळहात पुसत होतो, ते त्यानं बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही.